जुन्या पायथन आवृत्त्या सोडायच्या आहेत: किमान कुठली ठेवू, आणि आधी काय करू?

टिपकागद

नमस्कार मंडळी,

लॉग फायली वाचून त्यातल्या नोंदी सुट्या करून देणारं एक छोटं पायथन पॅकेज मी सांभाळतो. पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात) त्याची सध्या २.६ आवृत्ती आहे. ते पायथन ३.७ ते ३.११ वर चालतं, असं आमचं रीडमी म्हणतं. खरं तर ३.७ च्या चाचण्या बरेच दिवस धावलेल्याच नाहीत. गिटहबवर चाचण्या ज्यावर धावतात ते उबुंटू-लेटेस्ट २४.०४ वर गेलं आणि तिथे ३.७ मिळत नाही, म्हणून कोणीतरी ती ओळच कॉमेंट करून ठेवली.

आता लोक ३.१३ आणि ३.१४ मागतायत. त्यात एका उत्साही सहकाऱ्याने एकच भलामोठा पीआर (कोडबदलाचा प्रस्ताव) पाठवलाय. किमान आवृत्ती ३.१० केली, सगळ्या कोडवरून पायअपग्रेड (जुनी लिहिण्याची पद्धत नव्यात बदलून देणारं साधन) फिरवलं, सेटअप डॉट पीवाय ही पॅकेजच्या माहितीची जुनी फाइल उडवून पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही नवी आणली, आणि जाता जाता काही फंक्शनांची नावंही सुधारली. काम चांगलं आहे, पण मर्ज करायला हात धजत नाही.

विचारायचंय ते असं: किमान कुठली ठेवू? पुढचा आकडा २.७ देऊ की ३.०? आणि जुन्या पायथनवर बसलेल्यांचं काय होतं नेमकं?

---

अर्धविराम

किमान कुठली, याचा वाद घालण्यात अर्थ नाही, कॅलेंडर बघा. प्रत्येक पायथन आवृत्तीला पाच वर्षं आधार मिळतो. ३.९ पासून दर ऑक्टोबरला नवीन येते, म्हणजे दर ऑक्टोबरला एक जुनी जाते. ३.७ जून २०२३ मध्ये संपली, ३.८ ऑक्टोबर २०२४ मध्ये, ३.९ ऑक्टोबर २०२५ मध्ये. ३.१० ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ज्या पायथनला खुद्द पायथनवाले सुरक्षेची दुरुस्ती देत नाहीत, तिचा भार तुम्ही फुकटात का वाहायचा?

वैज्ञानिक पॅकेजवाले तर याहून कडक आहेत. त्यांच्या स्पेक ० या नियमावलीप्रमाणे पायथनची आवृत्ती आल्यापासून तीन वर्षांनी सोडून द्यायची. त्यांच्याकडे सी भाषेतली एक्स्टेंशनं, प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी व्हील्स (तयार बांधलेली पॅकेजं), म्हणून त्यांना ते परवडत नाही. तुमचं शुद्ध पायथन आहे, तुम्ही पाच वर्षं थांबू शकता. ३.१० ठेवा.

---

रात्रपाळी

कॅलेंडर छान आहे, पण आमच्या सर्व्हरना ते कोणी सांगितलेलं नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ चं सिस्टिम पायथन ३.९ आहे आणि त्या लिनक्सचा आधार २०३२ पर्यंत आहे. ८ वर तर ३.६ आहे आणि ते २०२९ पर्यंत चालणार. तिथे रेड हॅट स्वतः सुरक्षेच्या दुरुस्त्या मागच्या आवृत्तीत आणून देतं. म्हणजे "३.९ मेलं" हे अर्धसत्य आहे.

आणि लॉग वाचायचं पॅकेज नेमकं अशाच जुन्या यंत्रांवर लागतं. नव्या कोऱ्या लॅपटॉपवर लॉग वाचत बसतं कोण?

---

कोरी पाटी

रात्रपाळी, मुद्दा मान्य, पण अर्धाच. सिस्टिम पायथन हे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या साधनांसाठी असतं. त्याच रेड हॅट ९ च्या अधिकृत भांडारात ३.११ आणि ३.१२ सुद्धा मिळतात. ते बसवून व्हेन्व (त्या पायथनचं वेगळं वातावरण) करा, सिस्टिमला हातही लागत नाही. ८ वरही हेच.

दुसरं, पुढच्या रिलीजमध्ये ३.९ सोडलं तर तुमच्याकडचं पॅकेज मोडत नाही. मेटाडेटात रिक्वायर्स-पायथन (कुठलं पायथन लागतं ती अट) नीट लिहिलेलं असेल तर पिप, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, तुमच्या पायथनला न चालणारे रिलीज बाजूला टाकतो आणि चालणाऱ्यांतला सगळ्यात नवा उचलतो. २०१६ च्या शेवटी आलेल्या पिप ९ पासून हे चालू आहे.

---

रात्रपाळी

व्हेन्वचं माहीत आहे हो. आमचं नेटवर्क बंद आहे, अंतर्गत मिररवरून सगळं घ्यावं लागतं, आणि नवं पायथन बसवायचं तर तीन खात्यांच्या सह्या. तरी असो. मला नवी सोय नको आहे. उद्या त्या पार्सरमध्ये एखादं सुरक्षेचं भोक निघालं तर २.x वर दुरुस्ती मिळेल का, एवढंच टिपकागद यांनी सांगावं.

---

उंबरठा

टिपकागद, आकड्याचं भांडण नंतर होईलच (होणारच आहे, सुटसुटीत अजून उठलेले नाहीत). आधी क्रम ठरवा, कारण यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा कोडमुळे नाही तर पायपीआयवर काय कुठल्या क्रमाने चढलं त्यामुळे.

एक नमुना बघा. समजा तुम्ही पॅकेजचं ३.० काढलं. कोडमध्ये पायथन ३.१० चं मॅच वापरलं, रीडमी बदललं, पण रिक्वायर्स-पायथन "३.७ किंवा वर" असंच राहिलं. ३.८ वरच्या माणसाने पिप चालवला, त्याला ३.० मिळालं, इम्पोर्ट करताच सिंटॅक्स एरर. तक्रार आली. तुम्ही ३.०.१ काढलं, त्यात किमान ३.१० लिहिलं आणि निवांत झालात. आता पुन्हा तोच माणूस पिप चालवतो. पिप ३.०.१ बघतो, "हे याला चालत नाही" म्हणून मागे सरकतो, आणि मागे कोण उभं आहे? तेच ३.०, जे अजूनही "३.७ ला चालतं" असं सांगतंय. म्हणजे दुरुस्ती करूनही ज्याच्यासाठी केली त्याला ती पोचत नाही.

चढवलेल्या फायलीचा मेटाडेटा नंतर बदलता येत नाही, आणि फाइल पुसून त्याच नावाने पुन्हा चढवताही येत नाही. उपाय एकच, ३.० यँक करायचं, म्हणजे मागे घेतल्याची खूण लावायची. यँक केलेला रिलीज पिप आपणहून निवडत नाही, पण कोणी दोन बरोबरच्या चिन्हांनी नेमका तोच मागितला असेल तर देतो. म्हणजे ज्यांचं चालू आहे त्यांचं मोडत नाही.

म्हणून माझा क्रम असा. आधी २.७ काढा, किमान आवृत्ती न हलवता. त्यात साचलेल्या दुरुस्त्या आणि नव्या पायथनचा आधार, दोन्ही घाला. हाच रिलीज जुन्या लोकांच्या पदरात कायमचा पडणार आहे, तेव्हा तो सगळ्यात धड असला पाहिजे. त्याच्या चाचण्या ३.७ वर खरोखर चालवा. गिटहबवर त्या एका जॉबला उबुंटू २२.०४ लावा, तिथे ३.७ मिळतं. तिथून २.x ची ब्रांच काढून ठेवा. मगच मुख्य ब्रांचवर किमान आवृत्ती वाढवा.

आणि क्लासिफायरवर विसंबू नका. "प्रोग्रॅमिंग लँग्वेज :: पायथन :: ३.१०" या ओळी पायपीआयच्या पानावर माणसांनी वाचायला असतात. पिप त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बरेच पीआर फक्त त्या ओळी बदलतात आणि "आधार काढला" म्हणून मोकळे होतात.

अवांतर: पॅकेज कोंडा-फोर्ज या दुसऱ्या भांडारातही असेल तर तिथल्या रेसिपीत पायथनची अट वेगळी लिहिलेली असते, ती हाताने बदलावी लागेल.

---

टिपकागद

उंबरठा, दंडवत! हे मागे सरकण्याचं डोक्यातच नव्हतं. वाचनखूण साठवली.

एक उपप्रश्न. पीआरमधल्या टॉमलमध्ये "३.१० किंवा वर, पण ४.० च्या खाली" असं आहे. वरची मर्यादा ठेवावी का? मला ते सावधपणाचं वाटलं.

---

कोरी पाटी

काढून टाका. पोएट्री या पॅकेज सांभाळायच्या साधनाच्या साच्यातून ते अनेकांच्या फायलींत आलंय. वरची मर्यादा सावधपणाची दिसते, पण पिपला ती खालच्या मर्यादेसारखीच कळते: "हा रिलीज चालत नाही, मागचा बघ." समजा २.८ ला तुम्ही "३.१४ च्या खाली" लिहिलंत आणि २.५ ला काहीच मर्यादा नव्हती. ३.१४ वर आलेल्या माणसाला पिप थेट २.५ देतो, म्हणजे नव्यात नव्या पायथनवर जुन्यात जुना कोड. साधी एरर आली असती तर परवडलं असतं.

"४.० च्या खाली" ने आज हा घोळ होणार नाही, कारण ४.० नाहीच. पण पोएट्री वापरणाऱ्यांना दुसरा त्रास होतो. तुमच्या पॅकेजची मर्यादा त्यांच्या प्रकल्पाच्या रेंजशी जुळली नाही की तिचा रिझॉल्व्हर (आवृत्त्या जुळवणारा भाग) अडून बसतो, आणि त्यांनाही नाइलाजाने तीच मर्यादा लिहावी लागते. पुढे त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना. यूव्ही हे तसलंच दुसरं साधन ही वरची मर्यादा सरळ दुर्लक्षित करतं, ते उगीच नाही.

---

सुटसुटीत

उठलो.

३.० द्या. काल जे इन्स्टॉल होत होतं ते आज होत नाही, याला मोडणं म्हणतात. मोडलं की पहिला आकडा वाढतो. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

---

अर्धविराम

आहे ना. काल जे इन्स्टॉल होत होतं ते आजही होतं, फक्त जुनं. कोणाचाही चालू कोड मोडत नाही. सेमव्हरच्या (आवृत्तीचे आकडे कसे द्यायचे त्या नियमांच्या) प्रश्नोत्तरांतही लिहिलंय की जाहीर एपीआय न बदलता स्वतःच्या डिपेंडन्सी (ज्यांवर आपण अवलंबून असतो त्या गोष्टी) बदलल्या तर तो बदल सुसंगत धरावा. पायथनची किमान आवृत्ती म्हणजे एक डिपेंडन्सीच झाली.

मोठ्यांनीही तसंच केलंय. नमपायने १.१७ मध्ये २०१९ साली पायथन २.७ सोडलं, रिक्वेस्ट्सने २.२८ मध्ये २०२२ साली. दोन्हीत पहिला आकडा जागचा हलला नाही.

---

सुटसुटीत

आणि युआरएललिब३ ने पायथन २.७, ३.५ आणि ३.६ सोडताना स्वतःचं २.० काढलं. उदाहरणं दोन्हीकडे आहेत, ती मोजून काही ठरणार नाही.

माझं म्हणणं वापरणाऱ्याच्या बाजूने आहे. लोक रिक्वायरमेंट्समध्ये "२.६ किंवा वर, ३ च्या खाली" लिहितात आणि झोपी जातात. पुढे २.८, २.९ मध्ये सुधारणा येत राहतात आणि यांच्या यंत्रावर २.७ च राहतं, कसलाही आवाज न करता. त्यांना वाटतं आपण अद्ययावत आहोत. पहिला आकडा वाढला की निदान कोणीतरी चेंजलॉग उघडतो.

---

उंबरठा

सुटसुटीत यांच्या या एका मुद्द्याला वजन आहे, मात्र ३.० दिल्यानेही तो सुटत नाही. "३ च्या खाली" लिहून झोपलेल्याला ३.० दिसणारच नाही, तो आणखी गाढ झोपेल. त्यातून दर ऑक्टोबरला एक पायथन जाणार, मग दरवर्षी पहिला आकडा वाढवणार का? पाच वर्षांत ८.० व्हाल आणि त्या आकड्याचा धाक कोणालाच उरणार नाही.

इथे प्रश्न सोपा आहे कारण त्या पीआरमध्ये फंक्शनांची नावंही बदलली आहेत. ती ठेवणार असाल तर ३.० हवंच, पायथन सोडा किंवा न सोडा. आणि ती नको असतील तर माझं मत अर्धविराम यांच्या बाजूने.

---

मागचा बाक

रस्टवाल्याकडून थोडं. आमच्याकडेही हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. कार्गो या आमच्या पॅकेज-साधनाच्या कार्गो डॉट टॉमलमध्ये रस्ट-व्हर्जन लिहायची सोय रस्ट १.५६ मध्ये २०२१ साली आली, पण कार्गो ती बघून डिपेंडन्सी निवडत नव्हता, फक्त बिल्ड अडवत होता. निवडताना ती पाळणारा रिझॉल्व्हर जानेवारी २०२५ च्या १.८४ मध्ये स्थिर झाला. पिपमध्ये हे २०१६ पासून आहे आणि तुम्ही लोक त्याची किंमत करत नाही.

जावास्क्रिप्टकडे बघितलं तर आणखी बरं वाटेल. एनपीएम (तिकडचा पिप) इंजिन्सची, म्हणजे लागणाऱ्या आवृत्तीची, अट मोडली तरी सहसा नुसती सूचना छापतो आणि पॅकेज बसवून मोकळा होतो.

---

कोरी पाटी

त्या पीआरबद्दल. तोडायला लावा, पण माणसाला नाराज करू नका, असे लोक मिळत नाहीत. तीन तुकडे पुरे. पहिल्यात फक्त मेटाडेटा, सीआय (आपोआप धावणाऱ्या चाचण्या) आणि चेंजलॉग, म्हणजे काही बिनसलं तर तेवढाच उलटवता येईल. दुसऱ्यात पायअपग्रेडचा यांत्रिक बदल, त्यात हाताने एक अक्षरही नको. त्या कमिटचा हॅश गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्जमध्ये टाका, नाहीतर पुढची काही वर्षं ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली त्याची यादी) काढला की प्रत्येक ओळीवर या भल्या माणसाचं नाव. तिसऱ्यात नावांचे बदल, ते घ्यायचे ठरले तर.

यांत्रिक बदल म्हणून डोळे झाकून मर्ज करू नका. टाइप हिंटमधलं ऑप्शनल जाऊन "स्ट्रिंग किंवा नन" असं उभ्या दांडीचं रूप येतं. ते खऱ्या अर्थाने ३.१० पासून चालतं. जुन्या पायथनवर फ्यूचरमधून अ‍ॅनोटेशन्स आणून वेळ मारून नेता येते, पण पायडँटिकसारखं काही त्या हिंट धावताना तपासत असेल तर ३.९ वर आपटतं. तुमची किमान ३.१० झाल्यावर प्रश्न मिटतो. पण हेच कमिट चुकून २.x च्या ब्रांचवर चेरी-पिक केलं, म्हणजे उचलून तिथे लावलं, तर मिटत नाही.

टाइमझोनसाठी बॅकपोर्ट्सचं झोनइन्फो घेतलंय का? ते ३.८ पर्यंतच लागतं. २.७ मध्ये त्याच्यापुढे "पायथन ३.९ च्या खाली असेल तर" असा मार्कर नक्की लावा. नव्या पायथनसाठी त्याची तयार व्हील्स नाहीत, पिप सोर्समधून बांधायला बसतो आणि कंपायलर नाही म्हणून रडतो. उलट विंडोजवर टीझेडडेटा लागतं, ते साफसफाईत उडवू नका.

---

पाचवा मजला

कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो, ३.७ आणि ३.८ वर तुमचे वापरकर्ते आहेत तरी किती? पायपीआय स्टॅट्सवर आवृत्तीवार डाउनलोड दिसतात.

---

अर्धविराम

दिसतात, पण त्यावरून माणसं मोजू नका. एखाद्या विसरलेल्या सीआय जॉबने रात्री दर तासाला इन्स्टॉल केलं की तो एकटाच शेकडो वापरकर्त्यांएवढा दिसतो. उलट रात्रपाळी यांचा अख्खा डेटा सेंटर अंतर्गत मिररमागे एका डाउनलोडमध्ये मावतो. कल बघायला आकडे ठीक, निर्णय घ्यायला नाहीत.

---

रात्रपाळी

आम्ही मोजणीतही नाही, वा.

---

पाचवा मजला

बरं, मग कामाचं बोलतो. लॉगचं पॅकेज आहे म्हणजे नव्या पायथनवर या गोष्टी तुम्हाला भेटणारच.

रेजेक्समध्ये स्ट्रिंगच्या आधी "आर" न लावता बॅकस्लॅश-डी लिहिलं असेल तर ३.१२ पासून सिंटॅक्स वॉर्निंग दिसते. आधी ती डेप्रिकेशन वॉर्निंग होती, सहसा लपून राहायची. आता वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर येते आणि तक्रार तुमच्याकडे. डेटटाइमचं यूटीसीनाऊही ३.१२ पासून नापसंत यादीत आहे.

सिसलॉगच्या जुन्या धाटणीच्या ओळींत महिना, दिवस आणि वेळ असते, वर्ष नसतं. अशी तारीख स्ट्रपटाइमला नुसती दिली की ३.१३ पासून डेप्रिकेशन वॉर्निंग. कारण रास्त आहे: वर्ष नसेल तर तो १९०० धरतो, १९०० लीप वर्ष नाही, आणि २९ फेब्रुवारीची ओळ आली की एरर. म्हणजे बग चार वर्षांतून एकदाच दिसतो. वर्ष आधी जोडा, मग पार्स करा. ही दुरुस्ती २.७ मध्येच जाऊ दे, जुन्या पायथनवरही ती तितकीच लागते.

आणि शेवटी "झेड" असलेल्या आयएसओ तारखा. डेटटाइमचं फ्रॉमआयएसओफॉरमॅट त्या ३.११ पासून वाचतं. किमान ३.१० ठेवणार असाल तर तुमचा तो झेड बदलून शून्य-शून्य करणारा जुगाड अजून उडवता येणार नाही. पीआरमध्ये उडवलाय का, बघून घ्या.

---

टिपकागद

पाचवा मजला, उडवला होता! चाचणी होती, पण ती ३.१२ वरच धावत होती.

सगळं वाचून असं ठरवतोय. आधी २.७. किमान ३.७ च, ३.१४ पर्यंत आधार, वर्षाची आणि रेजेक्सची दुरुस्ती, झोनइन्फोला मार्कर. मग ३.०, किमान ३.१०, वरची मर्यादा नाही, नवी नावं त्यातच, आणि जुनी नावं वॉर्निंगसह काही काळ चालू. रात्रपाळी, ३.० आल्यापासून एक वर्ष २.x ब्रांचवर सुरक्षेच्या दुरुस्त्या देईन. बाकी काही नाही, आणि ते रीडमीत तसंच लिहीन. त्यापुढचं वचन देत नाही, कारण पाळता येणार नाही.

२.७ मध्ये इम्पोर्ट करताच "तुमचं पायथन जुनं आहे" अशी वॉर्निंग टाकू का?

---

रात्रपाळी

एक वर्ष पुरे, तेवढ्यात सह्या होतील. आभार.

वॉर्निंग मात्र नको. आमचे क्रॉन जॉब एररच्या वाटेवर काही छापलं गेलं की मेल पाठवतात. रोज सकाळी तुमचा उपदेश इनबॉक्समध्ये नको. चेंजलॉगमध्ये वरच लिहा.

---

सुटसुटीत

३.० होतंय, मला आणखी काही म्हणायचं नाही.

---

टिपकागद

वॉर्निंग रद्द. सीआय लावलं. गिटहबवर "पायथन ३.१ सापडत नाही" असं येतंय. मी ३.१० लिहिलंय.

---

कोरी पाटी

अवतरणात लिहा. यॅमल (सीआयची फाइल ज्यात लिहितात ते स्वरूप) त्याला दशांश संख्या समजतो आणि शेवटचं शून्य खातो. कोडमध्येही कुठे आवृत्ती स्ट्रिंग म्हणून तपासत असाल तर शोधा. स्ट्रिंगच्या हिशोबात "३.१०" हे "३.९" पेक्षा लहान आहे. सिस डॉट व्हर्जन-इन्फोचा टपल वापरा.

---

टिपकागद

झालं, ३.७ पासून ३.१३ पर्यंत सगळं हिरवं. ३.१४ वर लिनक्समध्ये अनेक फायली एकदम वाचायच्या चाचण्या पडतायत. आतल्या प्रोसेसना सेटिंग्जची ग्लोबल डिक्शनरी रिकामी दिसते.

---

उंबरठा

३.१४ मध्ये लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगची मूळ पद्धत फोर्क राहिली नाही, फोर्कसर्व्हर झाली. फोर्कमध्ये पालक प्रोसेसची मेमरी जशीच्या तशी पोरांना मिळायची, म्हणून ग्लोबल चालून जात होतं. आता मिळत नाही. पूलच्या इनिशियलायझरमधून सेटिंग्ज पाठवा, त्या पिकल होतील (दुसऱ्या प्रोसेसला पाठवता येतील अशा रूपात बदलतील) एवढं बघा. तातडीने निभावायचं असेल तर गेट-कॉन्टेक्स्टमधून तुमच्यापुरतं फोर्क मागा. पण सेट-स्टार्ट-मेथडला लायब्ररीतून हात लावू नका, तो अख्ख्या प्रोग्रॅमचा निर्णय बदलतो आणि तो हक्क वापरणाऱ्याचा.

मॅकवर ३.८ पासून मूळ पद्धत स्पॉन आहे. म्हणजे तिकडच्यांना हा बग केव्हाच भेटला असणार. जुन्या तक्रारी चाळून बघा.

---

टिपकागद

चाळल्या. "मॅकवर सेटिंग्ज लागू होत नाहीत" अशी एक तक्रार उघडीच पडून आहे, खाली तिघांचे "मलाही". इनिशियलायझरचा बदल २.७ मध्ये घेतोय आणि तिथे या धाग्याचा दुवा देतोय.